ओवीला नाव-गाव असतं

इतिहासाची साधनं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बखरी, शकावल्या, मोडी कागदांचे रुमाल, ताम्रपट, शिलालेख. मला या सगळ्याची मनापासून आवड आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना सांगायला नको. पण या कागदांत खेड्यातली साधी बाई शोधायला जा बरं.. ती सापडते, पण कुठे? वतनाच्या तंट्यात, दत्तकाच्या कागदात, नाहीतर एखाद्या गुन्ह्याच्या चौकशीत. म्हणजे काहीतरी बिनसलं तरच तिचं नाव कागदावर येणार. बाकी जन्मभर ती काय करत होती, काय बोलत होती, कशावर चिडत होती, याची नोंद ठेवायची गरज कोणा कारकुनाला वाटली नाही.

आणि गंमत अशी, की तीच बाई रोज पहाटे उठून, खुंटा हातात धरून, तास-दोन तास बोलत होती. नुसती बोलत नव्हती, गात होती. शब्द तिचे, चाल कधी तिची कधी आईकडून आलेली, आणि ऐकणारं फक्त जातं, नाहीतर समोर बसलेली जाऊ. त्या गाण्यात तिचं सगळं होतं. माहेर, भाऊ, सासरचा जाच, पाऊसपाणी, पंढरीची वाट, सीतेचा वनवास. हा इतिहास नाही तर काय?

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. ओव्यांवर नव्हे, ओव्यांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. मला लिहायचंय ते या ओव्या टिकल्या कशा यावर. कोणी लिहून घेतल्या, कशा ठेवल्या, कंप्युटरवर कशा आल्या, आणि त्यात काय राहिलं, काय निसटलं.

*

ओवी किती जुनी, याला एक पुरावा नेहमी दिला जातो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ, साधारण ११२९ चा. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या (१२९०) दीडशेहून अधिक वर्षं आधी! ज्ञानेश्वरांनी ग्रंथासाठी जो छंद निवडला तो घराघरांत आधीपासून नांदत होता. पंडितांच्या ओवीचा इतिहास आपण शाळेत शिकलो. उखळाजवळच्या ओवीला मात्र त्या एका उल्लेखावर समाधान मानावं लागलं.

लिहून घेण्याचं काम मनावर घेतलं गेलं ते विसाव्या शतकात. साने गुरुजींनी ठिकठिकाणच्या आयाबायांकडून ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' सिद्ध केलं. आपल्याला 'श्यामची आई' पाठ असते, पण या पुस्तकाचं नाव काढलं की बरेच जण विचारात पडतात. कमलाबाई देशपांडे यांनी 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' लिहिलं, मालतीबाई दांडेकरांनी 'लोकसाहित्याचं लेणं' दिलं, मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी बायकांनी रचलेली रामकथा गोळा केली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले. इंदिरा संतांनी 'मालनगाथा' लिहिली. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. त्यांनी तेव्हा लिहून घेतलं नसतं तर आज बोलायलाही काही उरलं नसतं.

तरीही ही पुस्तकं चाळताना मला एक गोष्ट टोचते. पानंच्या पानं ओव्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी ती ओवी कोणाची, कुठल्या गावची, त्या बाईचं वय काय, घरची परिस्थिती काय, हे नाही. लोकसाहित्य म्हणजे लोकांचं, म्हणजे कोणा एकाचं नाही, अशी तेव्हाची समजूत. 'अपौरुषेय' हा शब्द किती सुंदर आहे! वेदांना लावतात तो मान बायकांच्या गाण्यांना दिला. पण वेद अपौरुषेय म्हणजे ते कोणी रचले नाहीत. ओवी मात्र कोणीतरी रचलेली असते. ती बाई हाडामांसाची असते, तिला नाव असतं.

बहिणाबाईंचंच बघा. त्यांच्या ओठांवर आलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी लिहून ठेवली होती. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आता क्षणभर कल्पना करा, की तीच गाणी 'खानदेशातील स्त्रीगीते' अशा मथळ्याखाली एखाद्या संग्रहात, नावाशिवाय आली असती. शब्द तेच राहिले असते. पण आपण म्हणालो असतो, वा, आपलं लोकसाहित्य किती समृद्ध! आणि असोद्याची एक शेतकरी बाई मोठी कवी होती हे कोणाला कळलंच नसतं. अशा किती बहिणाबाई नावाशिवाय छापल्या गेल्या असतील, देव जाणे.

*

म्हणून मला पुण्यात सुरू झालेल्या एका कामाचं फार अप्रूप वाटतं. गी प्वातवाँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ, इथे आले, इथलेच झाले, भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांच्याबरोबर हेमा रायरकर. दोघांनी १९८० च्या सुमारास पुण्यात 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' ही संस्था सुरू केली आणि मुळशीच्या डोंगराळ भागात 'गरीब डोंगरी संघटना' या नावाने लोकांबरोबर काम सुरू झालं. ते काही ओव्या गोळा करायला तिकडे गेले नव्हते. रस्ता, पाणी, रेशन, मजुरी, असले प्रश्न होते. पण बैठकीत बायका बोलायच्या कमी. बोलणं गाण्यातून यायचं. मग लक्षात आलं, की यांना जे म्हणायचंय ते ओवीत आधीच म्हणून झालेलं आहे.

यातली मोलाची गोष्ट ही, की ओव्या जमवायचं बरंच काम गावातल्या बायकांनीच केलं. संघटनेतल्या कार्यकर्त्या आपल्या आणि शेजारच्या गावांत जायच्या, मावशी-काकूंच्या शेजारी बसायच्या. शहरातून आलेल्या पाहुण्यासमोर बाई विठ्ठलाच्या आणि भावाच्या ओव्या म्हणेल. सासूच्या, नवऱ्याच्या, दारूच्या आणि मारहाणीच्या ओव्या ती कोणासमोर म्हणेल? जिने स्वतः ते सोसलंय तिच्यासमोर. कागद भरणारी कोण आहे यावर कागदात काय येणार हे ठरतं. हे मोडी दफ्तरालाही लागू आहे आणि ओवीलाही.

हे काम वाढत वाढत कुठवर गेलं? एक लाखाहून अधिक ओव्या! हजाराहून अधिक गावं आणि तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका. मुळशी-मावळापासून बीड, परभणी, लातूर, उस्मानाबादपर्यंत (आताचं धाराशिव). आणि प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव, गाव, तालुका. शिवाय विषयवार वर्गीकरण. सीता, माहेर, भाऊ-बहीण, आई-लेक, शेती, पंढरी, असं करत करत त्याच्या बारीक बारीक शाखा. हा सगळा आराखडा हाताने, ओव्या पुन्हा पुन्हा वाचून बसवलेला आहे.

१९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. संगीत आणि संगणक या दोन्हींतले जाणकार. (तबल्याच्या बोलांवर काम करणारं 'बोल प्रोसेसर' हे सॉफ्टवेअर त्यांचंच.) त्यांच्यामुळे दोन गोष्टी झाल्या. ओव्यांचा रीतसर डेटाबेस उभा राहिला, आणि बायकांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, १०० तासांहून जास्त. गावात जाऊन, त्यांच्या ओसरीवर, मागे कोंबडं ओरडतंय, पोर रडतंय, अशा अवस्थेतला.

आवाज का महत्त्वाचा? कारण कागदावर आपल्याला दिसतात त्या दोन ओळी. प्रत्यक्ष गाताना बाई त्या दोन ओळींच्या मध्ये 'बाई गं', 'सांगते तुला' असं काय काय घालते, अर्धी ओळ दोनदा घेते, श्वास जात्याच्या फेऱ्याबरोबर सोडते. दुसरी बाई मागून उचलते. तीच ओवी एका गावात एका चालीवर आणि दहा कोसांवर दुसऱ्या चालीवर. छापील ओवी म्हणजे वाळवून ठेवलेली कैरी. तीही लागतेच, वर्षभर टिकते. पण झाडावरची नव्हे.

गी प्वातवाँ २००४ मध्ये गेले. काही वर्षांनी हेमाताईही गेल्या. अशा वेळी संग्रहांचं काय होतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे. माणूस गेलं की कपाट बंद होतं, मग जागा रिकामी करायची वेळ येते, आणि मग रद्दी. इथे तसं झालं नाही. ध्वनिमुद्रणं गुरुग्रामच्या लोकसंगीत अभिलेखागारात (अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं हे केंद्र १९८२ पासून आहे) जपली गेली. आणि पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने हा सगळा ठेवा आपल्याकडे घेतला. २०१७ पासून तिथे विषयवार, आवाजासकट, भाषांतरासकट ओव्या येऊ लागल्या. जुन्या संस्थेत काम केलेली काही मंडळी या नव्या कामातही होती, म्हणून धागा तुटला नाही. आणखी एक काम त्यांनी केलं. वीस-वीस वर्षांपूर्वी ज्यांचा आवाज घेतला होता त्या बायकांना पुन्हा शोधत गावोगाव गेले. काही भेटल्या, पुन्हा गायल्या, फोटो-व्हिडिओ झाले. काही तोवर गेल्या होत्या. त्यांच्या घरच्यांपाशी आठवणी होत्या. नाव आणि गाव लिहून ठेवलेलं होतं म्हणूनच हे शोधणं शक्य झालं ना!

*

आता थोडं तांत्रिक. आपल्यातल्या ज्यांनी मराठी टायपिंगचे जुने हाल भोगलेत त्यांना हे लगेच पटेल.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या घरच्या कंप्युटरवर ती सुखाने नांदू लागली ती विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात. त्याआधी जो तो आपापल्या फाँटात लिहायचा. एका मशीनवर सुरेख मराठी, दुसऱ्यावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. त्या काळात टाइप केलेला कुठलाही मोठा मराठी संग्रह आज वाचायचा तर आधी तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणि रूपांतर करणारं यंत्र नेमकं कुठे अडखळतं? जोडाक्षरांत, रफारात, 'दुसऱ्या'मधल्या ऱ्यात. म्हणजे शेवटी माणसाने ओळ न् ओळ तपासायची.

त्याहून मोठा धोका शुद्धलेखनाचा. ओवीतली बाई 'व्हतं' म्हणते, 'म्या' म्हणते, 'आन्' म्हणते. टाइप करणारा शाळा शिकलेला. त्याचा हात आपोआप 'होतं', 'मी', 'आणि' करतो. त्याला वाटतं आपण चूक सुधारली. पण त्या एका दुरुस्तीत बाईचा तालुका पुसला जातो, कधीकधी जातही पुसली जाते. भाषेवरूनच तर कळत होतं ती कुठली, कोण. पुन्हा उलटी अडचणही आहेच. एकच शब्द दहा बायका दहा परींनी म्हणणार, म्हणजे शोधायला गेलं तर सापडणार कसं? म्हणून वर म्हटलेलं ते विषयवार वर्गीकरण लागतं. शब्द कसाही लिहिलेला असो, 'माहेर' या खणात हात घातला की ओवी हाताला लागते. दफ्तरखान्यात रुमालांवर चिठ्ठी बांधतात तसंच हे. चिठ्ठी नसलेला रुमाल असून नसल्यासारखा.

आवाजाचं दुखणं वेगळं. कॅसेटची फीत आपल्या दमट हवेत बुरशी धरते, एकमेकीला चिकटते. आणि फीत चांगली राहिली तरी ती वाजवायचं यंत्र कुठून आणायचं? २००० नंतर सगळ्यांनी हौसेने सीडीवर उतरवून घेतलं. घरी जाळलेल्या त्या सीड्या आज लावून बघा, निम्म्या उघडत नाहीत. ध्वनिसंग्रहांची आयासा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. ती सांगते, की जतन करायची प्रत निदान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि न दाबलेली असावी. एमपीथ्री ऐकायला ठीक, पण तीत आवाजाचा काही भाग कायमचा गळलेला असतो. या हिशेबाने स्टिरिओ आवाजाला तासाला साधारण १ जीबी जागा लागते. म्हणजे १०० तासांच्या ओव्यांना १०० जीबी. नव्वदच्या दशकात ही जागा स्वप्नवत होती. आज बोटाच्या नखाएवढ्या कार्डात मावते. जागेचा प्रश्न संपलाय. उरलाय तो चिकाटीचा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी, आणि दर काही वर्षांनी उघडून पाहणं. कंप्युटरवर टाकलं म्हणजे अमर झालं, हा भ्रम आहे. पोथीला कसर लागते ती डोळ्यांना दिसते तरी. फाइलला लागलेली कसर उघडेपर्यंत कळत नाही.

*

इथवर सगळं छान छान झालं. पण मला दोन गोष्टी खुपतात, त्याही लिहिल्या पाहिजेत.

पहिली, हळहळण्याची. "आता ती जाती राहिली नाहीत, त्या ओव्या राहिल्या नाहीत" असं म्हणत उसासे टाकणारे लेख आपण वाचतो. अहो, जातं थांबलं ते बरं झालं! पहाटे तीन-चारला उठून रोजचं दळण, तेही दिवसभराच्या शेतातल्या कामाआधी, पोटात बाळ असलं तरी. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा कोणतीही बाई रडली नसेल. ओव्यांमध्येच दळणाला किती नावं ठेवलीत! आपल्याला ओवी हवी, तिला मात्र सुटका हवी होती. दोन्ही खरं आहे. ओवी जपायची ती बायका काय सोसत होत्या आणि त्यात कशा बोलत होत्या हे कळावं म्हणून. तो काळ परत यावा म्हणून नव्हे. आणि ओवी सगळीच गेली असंही नाही. लग्नात हळद दळायला, घाणा भरायला आजही जातं मांडतात, आणि दोन-चार जणी गातातच.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. जात्याशी बाई बोलायची कारण जातं कोणाला सांगणार नव्हतं. ओव्यांमध्ये जात्याला देव म्हटलंय, ऋषी म्हटलंय, मायबाप म्हटलंय. मनातलं ठेवायची ती जागा होती. आता तीच ओवी, बाईच्या नाव-गावासकट, जगात कोणीही ऐकू शकतो. मी वर नाव लिहिण्याचा एवढा आग्रह धरला. पण सासूच्या जाचाची ओवी, त्याच गावात, त्याच घरातल्या नातवाच्या मोबाइलवर वाजली तर? मला वाटतं याचं उत्तर एकच, विचारणं. नाव द्यायचं का, हे तिने ठरवायचं. ओवी तिची, तसंच गप्प राहण्याचा हक्कही तिचा. गावातल्याच बाईने, ओळखीतून, वेळ देऊन विचारलं तर खरं उत्तर मिळतं. टेपरेकॉर्डर सुरू करून घाईत विचारलं तर 'घ्या की' असंच येणार.

आणि याच नावाच्या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमधून याच संग्रहात बाबासाहेबांवरच्या ओव्या शेकड्यांनी आल्या आहेत. बाबासाहेब भाऊ झालेत, बाप झालेत, रमाबाईंचं दुःख गायलं गेलंय. सीतेच्या आणि विठ्ठलाच्या जागी नवा माणूस आला आणि ओवीचा साचा तोच राहिला. जुन्या संग्रहांत हे फारसं दिसत नाही, कारण जमवणारे त्या वस्तीत क्वचितच गेले. या बायकांना आपलं नाव लपवायचं नाही. त्यांना ते ठळक हवंय, कारण आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून पुस्तक केलं, १९८९ मध्ये. त्याचं नावच आहे 'आम्हीही इतिहास घडवला'. त्या 'ही'मध्ये सगळं आलं.

*

आता आपल्या घरच्या मंडळींसाठी थोडं.

आमच्या आत्येआजीची एक वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला, पेन्सिलीने लिहिलेल्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी. नात्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल. मधेच वाण्याचा हिशेब, मधेच कोणाच्या तरी बाळंतपणाची तारीख. काही ओव्यांखाली नुसतं 'वहिनी' लिहिलंय, काहींखाली 'नदीवर ऐकली'. मला ती वाण्याची बाकीसुद्धा ओवीइतकीच मोलाची वाटते. त्या वर्षी गूळ काय भावाने होता आणि कोणाकडे उधारी होती, हे त्या घराचं दफ्तरच की. म्हणून मी त्या वहीचे फोटो काढताना फक्त ओव्यांची पानं निवडली नाहीत. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, कोऱ्या पानांसकट, सगळी घेतली.

आणि हे फक्त आजीपुरतं नाही. आत्ता, आजच्या घडीला, खेड्यातल्या बायकांचं सगळ्यात मोठं दफ्तर कुठे आहे सांगू? बचत गटांच्या वह्यांत. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग केला, आणि पुढे गावोगाव गट झाले. प्रत्येक गटाची हजेरी, बचतीची खातेवही, कर्जाची खातेवही आणि बैठकीचं इतिवृत्त. आधी अंगठे, मग हळूहळू सह्या. कर्ज कशाला घेतलं? बियाणं, शेळी, मुलीची फी, दवाखाना. दारूच्या दुकानाविरुद्ध ठराव कधी झाला? कोणाला गटातून का काढलं? हे सगळं बायकांनी, बायकांबद्दल, बायकांसाठी लिहिलेलं आहे. मोडी कागदांच्या सबंध रुमालात न सापडणारी गोष्ट! पण वही भरली की ती जाते कुठे? माळ्यावर, नाहीतर चुलीत. आता व्यवहार मोबाइलवर भरायची पद्धत येते आहे, ते चांगलंच. पण मोबाइलमध्ये रक्कम जाते, इतिवृत्त जात नाही. पन्नास वर्षांनी कोणी इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याला बाकी किती हे कळेल. भांडण कशावरून झालं ते कळणार नाही.

तेव्हा, मंडळी, ज्यांच्या घरी, ओळखीत, गावाकडे असं काही असेल त्यांनी फार विचार न करता सुरुवात करावी. मोठं यंत्र लागत नाही. मोबाइल दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, वहीच्या बरोबर वर धरायचा. पान न् पान घ्यायचं, कव्हरसुद्धा. आवाज घ्यायचा असेल तर पंखा आणि टीव्ही बंद, मोबाइल जवळ, आणि सुरुवातीला त्यांच्याच तोंडून पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, तारीख. माहेरचं नाव विसरू नका. लग्नात नाव बदललेल्या बाईचा माग त्याशिवाय लागत नाही. ओवी कोणाकडून शिकली ते विचारा. भाषा सुधारू नका. फाइलला नाव देताना 'नवीन रेकॉर्डिंग १७' असं ठेवू नका, नाव-गाव-वर्ष घाला. मूळ वही जाळायची नाही की रद्दीत द्यायची नाही, फोटो निघाले तरी. एक प्रत भावाकडे, एक बहिणीकडे. आणि हे सगळं करायच्या आधी त्यांना विचारा, हे कोणी ऐकलं तर चालेल का. नाही म्हणाल्या तर नाही.

आत्येआजीच्या वहीत ज्या ओवीखाली 'वहिनी' आहे, ती वहिनी कोण हे अजून मला नक्की कळलेलं नाही. आजीला तीन वहिन्या. थोरलीचं माहेर वाईकडचं, मधलीचं पंढरपूरजवळचं, धाकटीचं मला माहीत नाही. ओवीत चंद्रभागा आहे, म्हणून मधली असावी असा माझा अंदाज. पण चंद्रभागा काय, कोणाच्याही ओवीत येते. मधल्या वहिनींच्या घरच्या कोणी हे वाचत असेल तर जरा आठवून सांगा. तिच्या नावाची जागा मी मोकळी ठेवली आहे.